होळीनंतर चाखायचं पाणी

वसईला जाऊन आलो म्हटलं की माणसं किल्ल्याबद्दल विचारतात. किल्ला मी पाहिला नाही. चार दिवसांत समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो तो एकदाच, तोही सुके बोंबील घेताना. मी गेलो होतो जागा बघायला. अशी जागा, की वीज गेली, रस्ता तुटला, दुकानं बंद पडली तरी चार माणसं तिथे पंधरा दिवस कुणापुढे हात न पसरता राहतील. विहीर हवी, थोडी भाजी, चार नारळ, दहा कोंबड्या, छपरावर सोलर, आणि घराचं जोतं पाण्याच्या वर.

हे कुठून डोक्यात आलं ते आधी सांगतो. आम्ही सांगलीचे. जुने ट्रॅक्टर घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे, हा माझा धंदा. सुरुवात दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये पाने पुसण्यापासून केली आणि घर बांधलं ते स्वतःच्या पैशाने. त्या घराची जागा मला दिनकरने विकली. दिनकर माझा शाळेपासूनचा दोस्त, विहिरी खोदायची कंत्राटं घेतो. जागा नदीच्या अंगाला. तीन वर्षांपूर्वीच्या पुरात पाणी तळमजला गिळून जिन्यावर चढलं. मी आणि सुलभा तीन दिवस गच्चीवर होतो. चारी बाजूंना पाणी आणि प्यायला घोट नाही. टाकीच्या झाकणात पावसाचं पाणी साठायचं, ते ती मला चमच्याने द्यायची. ती बोट अजून माझ्या कानात आहे, जी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि वळून गेली.

त्या दिवसापासून दिनकर समोरून आला तर मी रस्ता बदलतो. त्याने मला फसवलं हे मी भेटेल त्याला सांगितलं, लग्नात सांगितलं, मयतीत सांगितलं.

यंदा पावसाळा संपला तशी सुलभा म्हणाली, "या घरात मी पुढचा पाऊस काढणार नाही. जूनच्या आत दुसरीकडे जाणार. तुम्ही या, नाहीतर राहा."

एकतीस वर्षांच्या संसारात तिने मला अट घातली ती ही पहिली. आमचा मुलगा नितीन विरारला राहतो, नोकरी तिकडेच, म्हणून तिला त्याच्या जवळपास जायचं होतं. नाताळ झाल्यावर दोन दिवसांनी मी गाडी काढली.

पहिला दिवस : वालीव आणि चंदनसार

नितीनचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. पोचलो तेव्हा लिफ्ट बंद होती. दोन पिशव्या गूळ आणि शेंगदाणे घेऊन सात मजले चढलो आणि वर गेल्या गेल्या म्हणालो, "हे बघ, आणीबाणीत पहिला मरणार तो असल्या घरातला माणूस."

"बाबा, आधी पाणी तरी प्या."

"नळाला आहे का?"

"नाही. पण बाटलीत आहे."

मी निघतानाच तीन प्रश्न ठरवले होते. वीज नसताना पाणी कुठून येणार? पाऊस धो धो पडला तर पाणी कुठे जाणार? आणि हाक मारली तर कोण येणार? जिथे जाईन तिथे हेच विचारायचं.

वालीवला माझ्या ओळखीचा एक लेथवाला आहे, मी त्याच्याकडून ट्रॅक्टरचे बुश करून घेतो. त्याच्या मते गोडाउनच्या मागचा तुकडा माझ्यासाठी उत्तम होता. पत्र्याच्या शेड, वेल्डिंगच्या ठिणग्या, पॅकिंगच्या खोक्यांचे ढीग, रस्त्यावर ऑइलचे डाग. मला तो वास आपला वाटतो. पण तुकड्याच्या कडेने नाला जात होता आणि त्याचं पाणी कुठल्या रंगाचं होतं ते सांगता येत नाही, कारण मी उभा असताना ते बदललं.

"इथे भाजी लावू?" मी विचारलं.

लेथवाला म्हणाला, "भाजी कशाला लावता? मार्केट पाच मिनिटांवर आहे."

चंदनसारला दुपारी गेलो. नितीनचं म्हणणं, पूर्वेकडे डोंगर आहे, उंचावर पाणी साचणार नाही. उंचावर होतं खरं. पण इमारतींच्या मधून गाडी नेताना दोन्ही बाजूचे आरसे दुमडावे लागले. एका बाईच्या दारात निळे पिंप रांगेने ठेवलेले. तिला म्हटलं, "ताई, आग लागली तर बंब येईल का इथे?"

ती म्हणाली, "पाण्याचा टँकर येत नाही इथपर्यंत, पाइप लावून घेतो आम्ही. बंबाचं कुठे घेऊन बसलात?"

"मग हाक मारली तर कोण येतं?"

"शेजारी येतात की. जाणार कुठे? दार उघडलं की त्यांचंच दार."

तिचं उत्तर मला आवडलं, जागा नाही. परतताना नितीनशी भांडण झालं. तो म्हणाला, तुम्हाला कुठलीच जागा आवडणार नाही. मी म्हणालो, फसवून घ्यायला मी आता विशीचा नाही. तो गप्प बसला. त्याच्या आईसारखा गप्प बसतो तो, समोरच्याला स्वतःचा आवाज ऐकू येत राहील असा.

दुसरा दिवस : अर्नाळा

अर्नाळ्याला कामासाठी जायचं कारण नव्हतं. एजंट मनीष, ज्याचा नंबर नितीनच्या ऑफिसातल्या कुणीतरी दिला होता, तो तिसऱ्या दिवशी वेळ देणार होता. मोकळा दिवस मिळाला म्हणून गेलो. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, तोंडात तोंड अडकवून, धुतलेले कपडे टांगावेत तसे. समोर पाण्यात बेट आणि त्यावर किल्ला. आमच्याकडे हळद वाळते तेव्हा अख्ख्या गावाला वास येतो, तसा इथे मासळीचा. पहिली दहा मिनिटं नाकाला रुमाल लावला, नंतर भूक लागली.

एका मांडवाशी साठीची एक बाई बसली होती. सगळे तिला हिराबाय म्हणत होते. मी अर्धा किलोचा भाव विचारला आणि तिने सांगितल्यावर हसलो.

"हसू नको," ती म्हणाली. "हसन्याचे पैसे येगले लागतील."

"ओले आहेत अजून. उद्या वजन निम्मं होईल."

"ओले? हातात घे. मोडून बघ."

मी मोडून बघितला. कडक होता. तरी म्हणालो, "टोकं काळी पडलीत."

"तुला बोंबील पायजे का बोंबलायला पायजे?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. मला राग आला, पण भाव थोडा खाली आला होता, म्हणून गिळला. ती वजन करत होती तेव्हा मी माझा प्रश्न विचारला. समुद्राचं पाणी चढलं, वादळ आलं, तर तुम्ही काय करता?

"होड्या वर वढतो. पोरं, म्हातारी मानसं शालेत नेऊन बसवतो. मंग वाट बगतो."

"आणि हाक मारली तर कोण येतं?"

तिने तराजू खाली ठेवला. "ते वादल यायच्या आदी ठरतं. बाकीच्या दिवशी कोनाशी कसा वागलास, त्यावर. होडी वढायला एकट्याचा जोर पुरत नाय. सगल्यांशी भांडून ठेवलंस तर तुझी होडी वालूत रुतनार नि लोक बगत बसनार."

मी विषय बदलला. प्यायचं पाणी कुठून, म्हणून विचारलं. आता नळ आहे, पण लहानपणी ती हंडे घेऊन वाडीवाल्यांच्या, म्हणजे बागायतदारांच्या, गावात जायची, असं तिने सांगितलं. तिथे बावखल असतात, मोठाली खोल तळी, पूर्वजांनी खणलेली. पाऊस त्यात साठतो नि मुरतो, म्हणून आसपासच्या विहिरी गोड्या.

"जागा घेशील तर आदी बावखल कुठे हाय ते इचार," ती म्हणाली.

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझं लक्ष तराजूच्या काट्यावर होतं. दोन बोंबील जास्त टाकून घेतले आणि जिंकल्यासारखा निघालो. रात्री सूनबाईने तांदळाच्या भाकरीबरोबर त्यांची चटणी केली. एवढा खमंग बोंबील मी आयुष्यात खाल्ला नव्हता. त्या बाईने सांगितलेल्या भावाला तो महाग नव्हताच.

तिसरा दिवस : वाडी

ज्या गावात मनीषने जागा दाखवली त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. निर्मळ आणि अर्नाळ्याच्या मधे कुठेतरी, एवढं पुरे. गावाचा त्यात दोष नाही.

तो पट्टा पाहिला आणि मी गाडी हळू केली. डाव्या-उजव्या हाताला केळीच्या बागा, मध्ये पानवेली, अबोलीचे वाफे, बंगल्यांच्या ओट्यांवर नाताळचे कागदी तारे अजून लटकलेले. रस्त्याला दर थोड्या अंतरावर क्रूस आणि पुढच्या वळणाला देऊळ. विरारच्या इमारती मागे दिसत होत्या, पण इथे हवा वेगळी होती. आमच्याकडे उसाच्या पट्ट्यात मैलभर एकच पीक दिसतं. इथे एका कुंपणात दहा प्रकारची झाडं. मला वाटलं, झालं, सुलभाला हेच दाखवायचं.

जागा दहा-बारा गुंठ्यांची. नवाकोरा लाल मुरूम पसरलेला, सपाट, पटांगणासारखा. एका कोपऱ्यात सिमेंटच्या कड्यांची विहीर, पलीकडे नारळांची रांग. एका बाजूने उंबर आणि करंजाची जुनी झाडं अर्धगोल करून उभी. सावली छान होती.

मनीष तिशीचा, हातात फाइल. "काका, टायटल एकदम क्लियर. सातबारा बघा. सिंगल ओनर, ते बाहेर सेटल आहेत. टेन्शनच नाही."

माझ्या नावावर सांगलीला शेती आहे, त्यामुळे ही शेतजमीन घेण्यात कायद्याची अडचण नव्हती. सातबारा स्वच्छ होता. मी विहिरीचं पाणी काढून प्यायलो. गोड. मोटरशिवाय काढता येईल का बघितलं. रहाट बसवता आला असता. पहिला प्रश्न मिटला.

मग मी फिरायला लागलो. फिरणं हे माझं काम आहे. ट्रॅक्टर विकायला आला की मी आधी बोलत नाही, तीन फेऱ्या मारतो. इथेही मारल्या आणि मला दिसायला लागलं. मुरूम नवा होता, टाचेने दाबला की दबत होता. कुंपणाचे खांब एका अंगाला कलले होते. आणि ती उंबराची झाडं खांब रोवल्यासारखी जमिनीतून सरळ वर आली होती. एवढ्या जुन्या झाडाच्या बुंध्याशी मुळांचा पसारा दिसायला हवा. तो नव्हता, म्हणजे बुंधे पुरले गेले होते. हे सगळं मी पाहिलं. पुन्हा लिहितो, पाहिलं.

"भराव आहे हा," मी म्हणालो. "ताजा आहे. चांगला पुरुषभर तरी असेल. खांब कलायला लागले. अशी जागा कोण घेतो?"

मनीष म्हणाला, "थोडं लेव्हलिंग केलंय काका, एवढंच."

"लेव्हलिंग कुणाला सांगतोस? झाडं बघ. गळ्यापर्यंत गाडलीत. इथे घर बांधायचं तर पायाचाच खर्च दुप्पट. भाव कमी कर."

तो फोन घेऊन नारळांकडे गेला. परत आला तेव्हा भाव खाली आला होता. मी खांबांवर बोललो. तो पुन्हा गेला. मी मुरमावर बोललो, तो पुन्हा गेला. आमच्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात, दोन्हीकडची माणसं चेहरा दगडासारखा ठेवतात. मी तसाच चेहरा ठेवला होता, पण आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दोन तासांत मी तो भाव असा उतरवला की शेवटी माझंच मला हसू आलं. उद्या अकराला ऑफिसात येऊन बयाणा द्यायचा ठरलं.

"दुसरी पार्टी पण आहे काका, उशीर नका करू."

"पावसाळ्यात पाणी?" मी जाता जाता विचारलं.

"इथे कधीच आलं नाही," तो म्हणाला. हे वाक्य ऐकून मी वळून त्या उंबरांकडे पाहिलं. पण भाव ठरला होता.

संध्याकाळी सुलभाला फोन केला. जागेचं वर्णन केलं आणि कितीला मिळाली ते सांगितलं. तिने विचारलं, "एवढी स्वस्त का?"

"मी पाडला भाव."

मग ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. नितीन समोर बसला होता. म्हणाला, "बाबा, तुमच्या तीन प्रश्नांचं काय झालं?"

"विहीर आहे."

"बाकीचे दोन?"

मी त्याला झापलं. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा, वगैरे. झोपायला गेलो तरी डोळ्यासमोर ते उंबर.

चौथा दिवस : चाक

सकाळी आठलाच मी एकटा जागेवर गेलो. बयाण्याआधी एकदा मोजून घेऊ, घर कुठे, गोठा कुठे, असं मनाला सांगितलं. गाडी सरळ मुरमावर आत नेली. मध्यापर्यंत गेलो आणि मागचं डावं चाक खाली गेलं. ॲक्सिलरेटर दाबला, आणखी खाली. डिसेंबर महिना, पावसाचा थेंब नाही, आणि माझी गाडी पोटापर्यंत जमिनीत.

मनीषला फोन लावला, उचलला नाही. आसपास कुणी नाही. मी चाकाखाली दगड घालत बसलो. हिराबायची होडी आठवली आणि तिचा राग आला.

कुंपणापलीकडून आवाज आला, "चालू करू नका. आणखी रुतेल."

सत्तरीचा माणूस, डोक्यावर गवती टोपी, गळ्यात बारीक क्रूस. "ट्रॅक्टर आणतो," म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता गेला.

ट्रॅक्टरचा आवाज मी दिसण्याआधी ओळखला. जुना, पस्तीसेक वर्षांचा असेल, इंजिन मात्र घड्याळासारखं. रंग पार उडालेला, बॉनेटवर गंजाचे चट्टे. साखळी लावून त्याने पाच मिनिटांत गाडी बाहेर ओढली, आणि मी आभार मानायचं सोडून बॉनेट उघडलं.

"कोण बघतं याचं?"

"मीच," तो म्हणाला. "तुम्ही धंद्यातले दिसता."

"एवढं इंजिन ठेवलंत, रंग का दिला नाही?"

"मुद्दाम नाही दिला. रंगवला की कुठे गंजलंय ते कळत नाही."

मी हसलो. माझ्या धंद्यातला पहिला धडा हाच आहे. ताजा रंग दिसला की नखाने खरवडून बघायचं. तीस वर्षं मी पोरांना हेच शिकवत आलो. त्याने मागे वळून त्या लाल मुरमाकडे मान केली आणि शांतपणे म्हणाला, "ही जागा रंगवलेली आहे."

मी बॉनेट खाली लावलं.

त्याचं नाव बस्त्याव. मला काका म्हणा, म्हणाला. मला त्याच्या वाडीत नेलं. त्याच्या बायकोने, मार्थाबाईंनी, चहा आणि नाताळचे उरलेले फुगे पुढे केले. फुगे म्हणजे मैद्याचे गोल, आतून पोकळ, तळलेले. आपल्या पुरीचा आणि पावाचा संसार झाला तर असं काहीतरी होईल. आपसात ती दोघं जे बोलत होती ते मराठीच असावं, पण मला दर चौथाच शब्द लागत होता.

मग काकांनी मला वाडीच्या टोकाला नेलं. उंबर आणि करंजाची झाडं अर्धगोल करून उभी होती, बुंध्याशी मुळांची जाळी, आणि त्या अर्धगोलाच्या आत खोल हिरवं पाणी. पायऱ्या उतरत गेलेल्या. एक खंड्या फांदीवर.

"हे बावखल," ते म्हणाले. "आमच्या पणज्याने खणलं. माती वर टाकून वाडी उंच केली. तुमच्या त्या जागेत याच्या दीडपट होतं. आम्ही पोरं त्यात पोहायला शिकलो. पाऊस संपल्यावर डंपर लागले. आठ दिवसांत भरलं."

झाडं अर्धगोल का उभी होती ते आता मला कळलं. ती काठावर होती.

"पण विहिरीचं पाणी गोड आहे," मी म्हणालो. स्वतःलाच पटवत होतो.

"आता गोड लागेल. होळीनंतर चाखा. इथे खाली सगळं खारं आहे. वर गोड्या पाण्याची साय असते, तेवढीच आपली. बावखल ती साय धरतं. ते पुरलं, शिवाय टँकरवाले उपसतात. मग खालचं वर येतं."

"आणि पावसाळ्यात?"

"पाणी जुनी जागा शोधत येतं. त्याला सातबारा लागत नाही. तीन वाड्यांचं पाणी तिथे उतरायचं. येत्या जूनमध्येही तिथेच उतरेल. फक्त तिथे तुमचं घर असेल."

मला टाकीचं झाकण आणि चमचा दिसला. सुलभाला मी पुन्हा एका गच्चीवर नेऊन बसवणार होतो, आणि अकरा वाजायला दीड तास उरला होता.

नेहमीप्रमाणे मी राग दुसऱ्यावर काढला. "काका, काल मी दोन तास इथे होतो. एका शब्दाने सांगता आलं नाही?"

ते चिडले नाहीत. "मी कुंपणापलीकडे केळीला पाणी सोडत होतो. सगळं ऐकलं. तुम्ही भराव ओळखलात, खांब ओळखलेत, झाडांचे बुंधेसुद्धा. इथल्या पोरांनाही कळत नाही ते. मी मार्थाला सांगितलं, माणूस जाणता आहे, आता निघून जाईल. तर तुम्ही भाव पाडत बसलात."

अकराला मी मनीषच्या ऑफिसात पोचलो ते त्याची कॉलर धरायच्या तयारीनेच. टेबलावर हात आपटला. बावखल पुरून जागा विकतोस, माणसं मारायला निघालास, बरंच बोललो. बाहेरचे दोन-तीन लोक डोकावले. तो खुर्चीत मागे टेकून ऐकत राहिला. मी थांबल्यावर म्हणाला, "काका, पाणी येत नाही बोललो ती माझी चूक, सॉरी. पण भराव मी लपवला का? तुम्हीच बोललात ना, भराव आहे, झाडं गाडलीत, कमी कर. मी तीन वेळा कमी केला. मला वाटलं, तुम्हाला सगळं माहितीये आणि तरी पाहिजे."

मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि किल्ली फिरवली नाही.

तीन वर्षं ज्याच्यावर मी दार लावून ठेवलं होतं ते तिथे, त्या गाडीत, समोर येऊन बसलं. दिनकरच्या जागेवर जुना गोठा होता. सौद्याच्या दिवशी त्याने मला गोठ्याच्या भिंतीवरचा चिखलाचा पट्टा दाखवला होता. छातीइतका उंच. "आधीच्या पुराचा आहे," म्हणाला होता, "विचार करून घे." आणि मी काय म्हणालो होतो? मी म्हणालो होतो, "पुराच्या पट्ट्यातली जागा कोण घेतो? भाव कमी कर." त्याने केला. दोस्त होता, जास्तच केला.

खोट दिसली की माणसं घाबरतात. मला सूट दिसते. तीस वर्षांचा धंदा त्यावर उभा आहे. पण ट्रॅक्टर बिघडला तर शेतात उभा राहतो. घराचं तसं नसतं.

निघण्याआधी बस्त्यावकाकांकडे गेलो, बोंबलांची उरलेली पिशवी आणि गूळ घेऊन. गुळाचा खडा तोंडात टाकून ते म्हणाले, "माझ्या चुलतभावाची वाडी आहे पलीकडे. मुलं परदेशात. त्याला अर्धी विकायची आहे, पण बावखल पुरणाऱ्याला नाही. होळीनंतर या. विहिरीचं पाणी चाखा. गोड लागलं तर बोलू. एक अट आहे."

"कसली?"

"भाव शेवटी विचारायचा."

सांगली

घरी आल्यावर सुलभाला सगळं सांगितलं. दिनकरचंही. ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी त्या दिवशी गोठ्यापाशी चहा घेऊन आले होते. तुम्ही पट्ट्याचं बोलत होता, आणि भाव पडल्यावर माझ्याकडे बघून डोळा मारलात."

"मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकायला कधी थांबलात?"

तिने देठं एका बाजूला केली. जूनची मुदत तिच्या डोक्यात होतीच. मग म्हणाली, "होळीपर्यंत थांबते. पण चाखायला मी येणार. तुमच्या जिभेला पाण्याची चव कळते का, मला शंका आहे."

"मलाही आहे," मी म्हणालो. "पाण्यातलं कळणारा एकच माणूस मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी दिनकरच्या यार्डात गेलो. तो क्रेनचा दोर बघत होता. मला पाहून त्याने दोर सोडला नाही. त्याची माणसं काम थांबवून बघायला लागली, मी भांडायला आलोय असं वाटून. वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती. गोठ्याची भिंत, पट्टा, गच्ची, लग्नं, मयती. त्यातलं पहिलंच बोललो.

"तू पट्टा दाखवला होतास."

"हो," दिनकर म्हणाला.

"मी लोकांना वेगळं सांगत आलो."

"ऐकलंय."

दोर त्याच्या हातात तसाच होता. बाकीची वाक्यं मी सोडून दिली आणि जे हवं होतं तेच मागितलं.

"होळीनंतर वसईला येशील का? एका विहिरीचं पाणी चाखायचंय."

तो दोराची गाठ नखाने दाबून बघत राहिला. मग म्हणाला, "गाडी मी चालवणार. तू टोलनाक्यावरसुद्धा भाव करतोस."